मध्यम शहर राहायला चांगलं कशामुळे होतं? (कोल्हापूरच्या निमित्ताने)

पेठेतला

पुण्या-मुंबईत निम्मी नोकरी घालवलेली मंडळी इथे अधूनमधून विचारतात, आता परत जावं का? मग चर्चा पगार, शाळा, मोठा दवाखाना आणि विमानतळ यांवर जाते. हे सगळं लागतंच, वाद नाही. पण पाच-दहा लाख वस्तीच्या शहरात राहणं सुखाचं का होतं, याचं उत्तर त्या यादीत सापडत नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट मोठ्या शहरात जास्तच मिळते. तरीही आमच्यासारखे लोक इथे मनापासून राहतात. का?

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. माझं उत्तर सांगतो. पैसे न मोजता शहर तुम्हाला काय काय देतं, आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे असं मानून लोक त्यासाठी भांडतात का, यावर शहराची परीक्षा होते. मध्यम शहराला हे जमतं ते अंतरामुळे. रंकाळा तळ्यापासून रेल्वे स्टेशन चार किलोमीटरच्या आसपास. मधे अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी. त्यामुळे हमाल, वकील, प्राध्यापक, सराफ सगळ्यांच्या वाट्याला एकच तळं, एकच मैदान आणि एकच नाट्यगृह येतं. वेगवेगळं करायला जागाच नाही.

खासबाग हे कुस्तीचं मैदान घ्या. शाहू महाराजांनी ते १९१२ च्या सुमारास बांधलं. मधे हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. त्याला पाठ लावून नाट्यगृह, १९१५ चं. आधी पॅलेस थिएटर, नंतर संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलेलं. कुस्ती आणि संगीत नाटक एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. राजानं स्वतःच्या वाड्यात रंगमहाल बांधला असता तरी कुणी विचारलं नसतं. त्यानं हे गावासाठी बांधलं. करवीर नगर वाचन मंदिर तर त्याच्याही आधीचं, १८५० चं.

आणि ज्याचा आम्हाला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो ते म्हणजे पंचगंगा स्मशानभूमी. इथे अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत. खर्च महापालिका करते आणि लागणाऱ्या शेणी (गोवऱ्या) लोक दान देतात. होळीला तालीम मंडळं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी ट्रॉलीत भरून स्मशानात पोचवतात. घरात माणूस गेल्यावर लाकडाचा भाव विचारायची वेळ ज्या गावात कुणावर येत नाही, ते गाव माझ्या लेखी मोठं.

तुमच्या शहराचं काय? आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही सांगा.

उद्यमनगरी

धागा आवडला, पण कामाचं नाव आधी घ्यायला पाहिजे होतं. शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, वडिलांपासूनचं. बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही की इथल्या धंद्याचं बळ अंतरातच आहे. पॅटर्नवाला एका गल्लीत, ढलाईवाला शिरोलीला, लेथवाला शेजारी, हार्डनिंग करणारा हाकेच्या अंतरावर. एखादा पार्ट बिघडला तर ड्रॉइंग मेल करून वाट बघत बसत नाही कुणी. पार्ट हातात घेऊन जातो, उभ्याउभ्या बोलणं होतं, संध्याकाळपर्यंत काहीतरी मार्ग निघतो. आधी उसाच्या रसाचे घाणे आणि शेतीची ऑइल इंजिनं, मग गाड्यांचे सुटे भाग, असा या धंद्याचा प्रवास. शेती आणि कारखाना एकमेकांना धरून वाढले.

कारागीर सायकलवरून कामावर येतो आणि दुपारी घरी जेवून परत येतो. चाकण-रांजणगावला माझे मित्र आहेत, त्यांचे कामगार दोन दोन तास बसमध्ये असतात. ते दोन तास इथला माणूस तालमीत घालवतो, नाहीतर पोराचा अभ्यास घेतो. तुम्ही म्हणता त्या फुकट गोष्टी वापरायला वेळ मिळतो तो कामाची जागा जवळ आहे म्हणून.

सिद्धेश्वर_तळं

सोलापूरकडून थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

आमच्याकडेही यातलं सगळं आहे. गावाच्या मधोमध सिद्धेश्वरांचं तळं, शेजारी भुईकोट किल्ला, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, जिथे सगळ्या जातिधर्माची माणसं येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. अंतरंही तुमच्याइतकीच. लोक भांडणारे म्हणाल तर १९३० साली इंग्रजांना इथे मार्शल लॉ लावावा लागला होता. तरीही आमच्या गल्लीतली पोरं दहावी-बारावीनंतर पुण्याची गाडी धरतात ती धरतातच.

कारण दोन. पहिलं काम. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढच्या काळातल्या बाकीच्या गिरण्या, सगळ्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग आणि टॉवेल-चादरीनं गावाला सांभाळलं, बिडीनं हजारो बायकांची घरं चालवली, पण शिकलेल्या पोराला साजेसं काम कमी. दुसरं पाणी. उजनी धरण भरलेलं असतं आणि आमच्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी पाणी. घरातली बाई पाण्याच्या दिवसाभोवती अख्खा आठवडा आखते. नातेवाइकाच्या लग्नाला जायचं की नाही हे पाणी कधी येणार यावर ठरतं. अशा घरातल्या माणसाला तुमचं तळं आणि नाट्यगृह दिसेल कसं?

म्हणून माझं मत, आधी नळ, मग नोकरी, त्यानंतर बाकीचं.

पेठेतला

@सिद्धेश्वर_तळं, राग कसला. पाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण नळाचं पाणीसुद्धा मी सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टींतच धरतो, ते मला वेगळं काढता येत नाही. आमच्याकडची थेट पाइपलाइन बघा. काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटर पाइप टाकून पाणी आणायचं ही मागणी कित्येक वर्षांची. त्यासाठी मोर्चे निघाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, काम सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षं रखडलं. पाणी शहरात पोचलं २०२३ च्या दिवाळीत. तेवढा काळ विषय मरू दिला नाही तो गल्लीतल्या माणसांनी. आपला स्वतंत्र बोअर आणि टँकर परवडणारा वर्ग मोठा झाला की ही चिकाटी संपते. मोठ्या शहरांत तेच झालं. सोसायटीनं टँकर मागवला, प्रश्न मिटला, महापालिकेला जाब विचारायला कोण जातंय?

टोलचंही तसंच. शहरातल्या रस्त्यांवर टोलनाके बसले, तेव्हा एन. डी. पाटील सरांसारखा वयोवृद्ध माणूस पुढे आणि मागे रिक्षावाले, व्यापारी, बायका, तालमीची पोरं. काही वर्षं चाललं ते आंदोलन. सरकारला शेवटी टोल रद्द करावा लागला.

मृण्मयी_प

मी लग्नानंतर कोल्हापुरात आले, माहेर ठाणे. नोकरी करते, रोज एकटी स्कूटरवरून ये-जा असते. बायकांच्या बाजूनं लिहिते, कारण आतापर्यंतच्या प्रतिसादांत तालीम आणि मशीन शॉपच आहे.

छान काय ते आधी. रंकाळ्यावर संध्याकाळी आम्ही मैत्रिणी फिरतो, रात्री साडेनऊ-दहालाही तिथे कुटुंबं असतात, भेळेच्या गाड्या असतात, म्हाताऱ्या बायका कट्ट्यावर बसलेल्या असतात. गर्दी ओळखीची असली की भीती कमी वाटते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला पहिल्यांदा नवऱ्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं होतं तिथे पुरुषच असतील, तर शेजारी एक आजी नातवाला घेऊन पेला संपवत होत्या. मुलगी आजारी पडली तर औषधाच्या दुकानदारापासून शाळेच्या रिक्षावाल्या काकांपर्यंत चौघं विचारतात. ठाण्यात आमच्या मजल्यावर समोर कोण राहतं ते आईला वर्षभर माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजू. हीच ओळख अंगावर येते. कुणाबरोबर चहा घेतला, किती वाजता घरी आले, गाडीवर मागे कोण होतं, हे माझ्या आधी घरी पोचतं. माझ्या ऑफिसातली एक मुलगी, शेजारच्या तालुक्यातून आलेली, खोली शोधत होती. एकट्या मुलीला खोली नाही, हे तिनं किती दारांत ऐकलं ते तिलाच माहीत. जिथे मिळाली तिथे रात्री नऊला कडी. शहर पैसे न घेता जे देतं ते मुलींना दिवस मावळेपर्यंतच मिळणार असेल, तर तो हिशेब अर्धाच आहे.

आणि स्वच्छतागृहं. महाद्वार रोडवर सणाच्या खरेदीला दिवसभर बायका येतात, खेड्यापाड्यांतून येतात. त्यांच्यासाठी पुरेशी, स्वच्छ, उघडी असलेली स्वच्छतागृहं नाहीत. शहर राहायला चांगलं की नाही हे बघायला मी आधी हे बघेन.

दसरा_चौक

मृण्मयीताईंच्या खोलीच्या मुद्द्याला जोडून. खोली देताना मुलगी आहे का एवढंच विचारत नाहीत, आडनावही विचारतात. आडनावावरून अंदाज येत नसेल तर गाव विचारतात, गावावरून अंदाज येत नसेल तर खाता काय असं विचारतात. मी हे विद्यार्थी असताना सोसलंय.

आणि हे ज्या शहरात होतं त्याच शहरात दसरा चौकाच्या आसपास उभं राहून बघा, एका फेरीत किती वसतिगृहं दिसतात. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी सुरुवात झाली, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, मग लिंगायत, आणि १९०८ ला अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातला पोरगा शहरात आला तर त्याला अंग टाकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं पाहिजे, नाहीतर शाळा काढून उपयोग नाही, हे महाराजांना कळलं होतं. १९०२ च्या जुलैमध्ये सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गासाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला तो सगळ्यांना माहीत असतो. बोर्डिंगांबद्दल कमी बोललं जातं. माझ्या मते शहर म्हणून कोल्हापूर घडलं ते बोर्डिंगांमुळे. मध्यम शहर नुसतं तिथे जन्मलेल्यांचं नसतं, आजूबाजूच्या बारा तालुक्यांचं असतं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या पोरांना ते आपलं वाटलं पाहिजे.

गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. राजा जिथे चहा पितो तिथे बाकीच्यांना नाही म्हणता येईना. आज तेच धैर्य एकेका घरमालकाकडे हवं आहे. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं, मीही बिंदू चौकात उभा होतो, अंगावर काटा आला. तिथे उभं राहिलेल्या प्रत्येकानं घरी जाऊन भाड्याची खोली आडनाव न विचारता दिली असती तर महाराजांना ती खरी मानवंदना झाली असती.

बालगोपाळ_फॅन

फुटबॉलचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. शाहू स्टेडियमवर हंगामात पेठापेठांच्या संघांचे सामने असतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाळ. महाराष्ट्रात इतकी वेडी गर्दी स्थानिक फुटबॉलला दुसरीकडे दाखवा. गोल करणारा पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गल्लीत दूध आणायला निघालेला असतो. सहावीतल्या पोराला खेळाडू व्हायचं स्वप्न टीव्हीवर बघावं लागत नाही, गल्लीत बघायला मिळतं. वाद होतात, हुल्लडबाजीही होते, ती बंद झालीच पाहिजे. पण ती गर्दी जपा.

आयर्विन_पूल

सांगलीकर. तुमचा-आमचा नेहमीचा वाद आज बाजूला ठेवतो, कारण पाणी दोघांच्याही दारात येतं.

मध्यम शहराबद्दल बोलताना पूर सोडून चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत कृष्णा होती. २०२१ ला पुन्हा. हळदीची पेठ, गावभाग, टिळक चौक, सगळं पाण्यात. तुमच्याकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोका पातळी, आणि दोन्ही वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या पुढे गेलं. महामार्ग शिरोलीला बंद. म्हणजे पुण्याकडून दूध, भाजी, पेट्रोल, औषध काही येणार नाही.

त्या दिवसांत मला आमच्या शहराबद्दल जे कळलं ते एरवी कळलं नसतं. होडी कुणाकडे आहे, पट्टीचे पोहणारे कोण, कुठल्या गल्लीत बाळंतीण आहे, कुठल्या घरात ऑक्सिजनवरचा माणूस आहे, हे मंडळाच्या पोरांना तोंडपाठ होतं. सरकारी बोट यायच्या आधी त्यांनी माणसं काढली. महानगरात ही यादी कुणाच्या डोक्यात असणं अवघड आहे, खेड्यात यादी असते पण साधनं नसतात. मध्यम शहरात दोन्ही असतात.

पण त्याच पुराचं दुसरं सत्यही सांगतो. ओढे आणि नाले बुजवून, पूररेषेच्या आत भराव टाकून बांधकामं झाली ती आपल्यातल्याच ओळखीच्या माणसांनी केली आणि आपल्यातल्याच ओळखीच्या माणसांनी परवानगी दिली. सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कुणी कुणाला अडवत नाही. पेठेतला म्हणतात ते लोक आपल्या गोष्टींसाठी भांडतात, खरं आहे, पण ते बाहेरच्याशी भांडतात. टोलवाला बाहेरचा होता. ओढ्यावर बांधणारा आपला पाहुणा असतो. तिथे तोंड उघडणारं शहर मला बघायचं आहे.

पेठेतला

@आयर्विन_पूल, तुमचा शेवटचा परिच्छेद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्याकडे जयंती नाल्याचं हेच आहे. नाला फुगला की पाणी शहराच्या पोटात शिरतं, व्हीनस कॉर्नरला होड्या चालवाव्या लागतात. रंकाळ्यात सांडपाणी मिसळून पाणी हिरवं पडलं तेव्हा ते आमच्याच वसाहतींचं सांडपाणी होतं.

तरी एक सांगावंसं वाटतं. रंकाळ्यासाठी माणसं उभी राहिली ती रोज तिथे चालणारीच. ज्यांच्या पायाखालून तळं रोज जातं त्यांनाच त्याचा वास आधी येतो. म्हणून वापर हवा. ओढ्याच्या काठानं चालायला वाट असती, बसायला कट्टा असता, तर तो बुजवताना शंभर डोळे बघत असते. पाठ फिरवलेला नाला आपोआप कुणाचा तरी प्लॉट होतो.

नाट्यगृहाचंच बघा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. रात्रीच माणसं धावत आली, रंगकर्मी रस्त्यावर उभं राहून ढसाढसा रडत होते, आणि त्यांच्या शेजारी ज्यांनी आयुष्यात दोन-चारच नाटकं पाहिली असतील असे फळवाले, हमालही उभे होते. जसं होतं तसंच बांधा, ही मागणी त्याच गर्दीतून आली आणि सरकारला पुन्हा उभारणीचं काम हाती घ्यावं लागलं.

बडोदेकर

आमचे आजोबा नोकरीनिमित्त बडोद्याला आले, आम्ही इथलेच झालो. बडोदं आता मध्यम राहिलेलं नाही, पण मी लहान असताना होतं, म्हणून लिहिते. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी कमाटी बाग सर्वांसाठी खुली केली. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय, त्यासाठी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून रविवारी बागेत जायचं, हा आमच्या तीन पिढ्यांचा क्रम आहे.

शहर पसरत गेलं तसं झालं काय, की नव्या भागात राहणाऱ्यांच्या मुलांना ही बाग सहलीची जागा वाटू लागली, रोजची राहिली नाही. नव्या वसाहतींत क्लब आहेत, त्यांच्या आत छान बागा आहेत, दारात पहारेकरी आहे. जुन्या महाराजांनी केलं ते टिकलं, पण त्यानंतर शंभर वर्षांत त्या तोलाचं सर्वांसाठी किती बांधलं गेलं? तुम्ही कोल्हापूरकरही बघा, तुमच्या धाग्यातली बहुतेक नावं शाहू काळातली आहेत.

चौदावी_गल्ली

बडोदेकरांनी बरोबर नस पकडली. नवीन काही सर्वांसाठीचं झालं का, तर विद्यापीठ १९६२ चं, त्याचा परिसर आजही सकाळी चालायला लोकांना मिळतो. त्यानंतर मला फार आठवत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, वकिलांनी त्यासाठी दशकानुदशकं लढा दिला. मोठी गोष्ट आहे. पण त्याबरोबर भाडी चढायला लागली आणि रस्त्यावर गाड्या वाढल्या.

माझा विषय केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा. अंतर कमी हे आपलं भांडवल, आणि ते आपण दुचाकीवर उधळतोय. राजारामपुरीत आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर रिक्षा जाईना. मुलांना शाळेत चालत सोडायला भीती वाटते, म्हणून जो तो गाडीवरून सोडतो, म्हणून आणखी भीती. बसगाड्या कमी, फेऱ्यांची खात्री नाही, मग म्हातारा माणूस आणि विद्यार्थी सोडून कुणी बसत नाही. चार-पाच किलोमीटरच्या गावात दहा मिनिटांनी खात्रीची बस आणि सलग फुटपाथ दिला, तर निम्म्या गाड्या घरी राहतील असं मला मनापासून वाटतं. हद्दवाढीवर इतकी वर्षं भांडण चाललंय. १९७२ ला महापालिका झाली तरी हद्द वाढली नाही, २०१७ ला बेचाळीस गावांचं प्राधिकरण झालं. पण हद्द आत घ्या नाहीतर बाहेर ठेवा, पाचगाव, कळंबा, उचगावच्या लोकांना शहरात यायला बस लागणारच आहे. भांडायचंच तर त्यासाठी भांडूया.

निवृत्त_मास्तर

वय झालेल्यांच्या बाजूने दोन ओळी. मुलगा बेंगळुरूला, आम्ही दोघंच इथे. सकाळी चालत वाचनालय, तिथून देऊळ, येताना भाजी. दिवसाकाठी दहा-बारा माणसांशी बोलणं होतं. मुलाकडे तीन खोल्यांचं सुंदर घर आहे, तिथे खाली उतरायला लिफ्ट आणि उतरल्यावर बोलायला कोणी नाही.

दवाखान्यांचं म्हणाल तर या पट्ट्यात वैद्यकीय सेवेची परंपरा जुनी आहे, मिरजेला डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय १८९४ मध्ये सुरू केलं. इथे सीपीआर या सरकारी रुग्णालयात आजही कर्नाटक आणि कोकणातून गरीब माणूस येतो. सरकारी दवाखाना नीट चालला पाहिजे, ही मागणी पाण्याइतकीच वरची हवी.

आणि विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो ती गोष्ट. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैसे कमी पडत होते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गोळेश्वरचे, कराडजवळचे. दसरा_चौक यांनी म्हटलं ते हेच, शहर आजूबाजूच्या खेड्यांचं असतं.

पिंपरीकर_सध्या

पूर्ण धागा वाचला. माझी बदली कोल्हापूरला होतेय, जूनमध्ये. बरोबर आई (गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), बायको नोकरी शोधणार, मुलगा तिसरीत. घर कुठे बघू? आणि भाड्याचं घर ठरवताना काय विचारू?

चौदावी_गल्ली

राजारामपुरी बघा, उंचावर आहे, गल्ल्या आखीव, दवाखाने आणि शाळा जवळ. आईंना तळमजला किंवा लिफ्ट. गल्ली आतली घ्या, मुख्य रस्त्याला आवाज फार.

मृण्मयी_प

वहिनींना माझा निरोप द्या, इथे व्यक्तिगत संदेश करायला सांगा. नोकरीबद्दल आणि पाळणाघरांबद्दल माहिती देते. आईंसाठी रंकाळ्याच्या जवळपास मिळालं तर उत्तम, सपाट आहे, काठी घेऊन चालता येतं, बसायला जागा आहे.

आयर्विन_पूल

घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारू नका, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. भिंतीवरच्या खुणा बघा. नागाळा पार्क, शाहूपुरीचा सखल भाग, दुधाळी, नदी आणि नाल्याकडेची बाजू दोनदा तपासा.

पेठेतला

स्वागत आहे. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात माझी भर. घर ठरवायच्या आधी एका संध्याकाळी त्या भागात पायी हिंडा. मुलगा एकटा चालत जाऊ शकेल इतक्या अंतरावर मैदान आहे का, आई जाऊ शकतील इतक्या अंतरावर कट्टा आहे का, एवढं बघा. नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचारा, टाकी केवढी आहे ते बघा. आडनाव विचारून घर देणारा मालक भेटला तर ते घर घेऊ नका, आडनाव चाललं तरी घेऊ नका. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी सामान हलवा. आल्यावर पहिल्या रविवारी वाचन मंदिराचं सभासदत्व घ्या, तिथून चालत खासबागला या, मी आणि मास्तर तिथे असू.